लग्न लावतं कोण?

आजचं वाचन: इफिसकरांस पत्र ५:२१–३३
सोबत वाचा: योहान २:१–११

आजचा उतारा लग्नाच्या मिस्सांमध्ये इतक्या वेळा वाचला जातो की तो सुरू झाला की अर्धं चर्च फोटोग्राफरकडे बघायला लागतं. उरलेल्या अर्ध्यातल्या बायका एकमेकींकडे बघतात. कारण त्यांना माहीत असतं, आता 'अधीन' हा शब्द येणार.

त्या शब्दाकडे आपण येऊच. पण आधी एक प्रश्न. आमच्या धर्मग्रामात विवाहपूर्व मार्गदर्शन शिबिर असतं, शनिवार-रविवार, दोन दिवसांचं. मी आणि माझा नवरा तिथे मदतीला जातो. प्रत्येक बॅचला मी सुरुवातीलाच विचारते: "बाप्तिस्मा कोण देतं?" सगळे म्हणतात, फादर. "दृढीकरण?" बिशप. "ख्रिस्तप्रसाद कोण अर्पण करतं?" फादर. "आणि विवाहसंस्कार?" पुन्हा सगळे एका सुरात, "फादर!"

चूक.

म्हणजे चूक त्यांची नाही. आपल्या भाषेचीच आहे थोडी. आपण मराठीत 'लग्न लावतो'. 'अमुक फादरांनी आमचं लग्न लावलं' असं सहज म्हणतो. लावणारा वेगळा, आणि ज्यांचं लागतं ते वेगळे. 'संस्कार' हा शब्दही तसाच. संस्कार म्हणजे मोठ्यांनी आपल्यावर केलेलं काहीतरी. आपण फक्त मान खाली घालून उभं राहायचं, अक्षता काय आणि पवित्र पाणी काय, डोक्यावर पडतं.

पण लॅटिन परंपरेतल्या कॅथोलिक ख्रिस्तसभेची, म्हणजे मुंबई, वसई, पुणे, गोवा इथल्या आपल्यापैकी बहुतेकांची, शिकवण अशी आहे की विवाहसंस्कार वधू-वर एकमेकांना देतात. संस्काराचे सेवक ते दोघं आहेत. फादर ख्रिस्तसभेच्या वतीने त्यांची संमती विचारतात, ती स्वीकारतात आणि आशीर्वाद देतात. कॅथोलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात (कॅटेकिझम, परिच्छेद १६२३) हे स्पष्ट लिहिलंय. त्याच परिच्छेदात हेही आहे की पौर्वात्य परंपरेत धर्मगुरूचा आशीर्वाद आवश्यक मानला जातो. त्यामुळे तुमची मैत्रीण सिरो-मलबार असेल आणि तिला घरी वेगळं शिकवलं असेल, तर वाद घालू नका. दोन्ही परंपरा एकाच ख्रिस्तसभेच्या आहेत.

"पण फादरशिवाय लग्न होतच नाही ना?" हा प्रश्न हमखास येतो. सर्वसाधारणपणे नाही होत. पण १९८३ च्या धर्मविधिसंहितेत १११६ क्रमांकाचा एक नियम आहे. एखाद्याचा मृत्यू समोर दिसतोय, किंवा अशी परिस्थिती आहे की महिनाभर कुणी धर्मगुरू पोहोचूच शकणार नाही, तर दोन साक्षीदारांसमोर त्या दोघांनी एकमेकांना दिलेली संमती पुरेशी आहे. ते खरं लग्न, आणि दोघांचा बाप्तिस्मा झालेला असेल तर खरा संस्कार. वेदी नाही, ऑर्गन नाही, फुलं नाहीत. दोन माणसं आणि त्यांचा होकार.

मला हा नियम फार आवडतो. बाकी सगळं काढून टाकलं तर शेवटी काय उरतं, ते त्यात दिसतं.

आणि हे आजकालचं नाही. सन ८६६ मध्ये पोप निकोलस पहिले यांनी बल्गेरियाच्या बोरिस राजाला एक लांबलचक पत्र पाठवलं. राजा नुकताच ख्रिस्ती झाला होता आणि त्याने रोमला ढीगभर प्रश्न विचारले होते. (त्यात विजारी घातल्या तर चालतील का, हाही एक विषय होता. चालतील, असं उत्तर गेलं.) लग्नाबद्दल पोपनी आधी रोममधल्या चालीरीती सांगितल्या: साखरपुडा, अंगठी, देणीघेणी, चर्चमधला आशीर्वाद, डोक्यावरचे मुकुट. आणि मग जे लिहिलं त्याचा आशय असा, की गरिबीमुळे कुणाला हे सगळं जमलं नाही तर ते पाप नाही. दोघांची संमती पुरेशी आहे. ती नसेल, तर बाकी सगळं करूनही उपयोग नाही.

साडेअकराशे वर्षांपूर्वीचं पत्र. आणि आपल्याकडे आज हॉलच्या तारखेवरून लग्नाची तारीख ठरते.

मग साक्षीदार आणि फादर आले कुठून? त्याला एक दुखरी बाजू आहे. संमती पुरेशी म्हटल्यावर मध्ययुगीन युरोपात चोरून लग्नं व्हायला लागली. एखादा मुलगा एकांतात मुलीला शब्द द्यायचा आणि पुढे तोंड फिरवायचा: 'मी असं काही बोललोच नव्हतो.' तिच्याकडे पुरावा काय? म्हणून १५६३ मध्ये ट्रेंटच्या महासभेने ठरवलं की लग्न धर्मग्रामाच्या धर्मगुरूसमोर आणि किमान दोन साक्षीदारांसमोर व्हायला हवं, आणि आधी त्याची जाहीर घोषणा व्हायला हवी. अजूनही कित्येक चर्चमध्ये रविवारी मिस्साच्या शेवटी कुणाकुणाची लग्नं ठरलीत ते वाचून दाखवतात आणि आपण बाहेर वडापाव खायला निघालेलो असतो. ती घोषणा म्हणजे कागदी सोपस्कार नव्हे. ज्याचा शब्द मोडला जाऊ शकतो, त्याच्या बाजूने अख्खं धर्मग्राम उभं राहावं म्हणून ती आहे.

म्हणजे संमती त्या दोघांची, आणि तिची राखण सगळ्यांनी करायची.

आता पौलाकडे येऊ.

'अधीन' या शब्दावर अडकण्याआधी २१ वं वचन वाचा. बऱ्याच ठिकाणी वाचन २२ पासून सुरू करतात आणि तिथेच घोळ होतो. २१ मध्ये पौल सगळ्यांनाच सांगतो की ख्रिस्ताविषयीच्या आदराने एकमेकांच्या अधीन व्हा. एकमेकांच्या! मूळ ग्रीक पत्राच्या अतिप्राचीन प्रतींपैकी काहींमध्ये तर २२ व्या वचनात 'अधीन' हे क्रियापदच नाही, ते २१ मधून उसनं घ्यावं लागतं. म्हणजे पत्नीला सांगितलेली गोष्ट ही आधी दोघांना सांगितलेल्या गोष्टीचाच पुढचा भाग आहे. आणि नवऱ्यांना जे सांगितलंय ते कितीतरी लांब आणि जड आहे. रोमन घरात कुटुंबप्रमुख पुरुषाच्या हातात कायद्याने सगळी सत्ता असायची. त्या काळातल्या नवऱ्याला पौल म्हणतो की तू ख्रिस्तासारखं प्रेम कर, आणि ख्रिस्ताने काय केलं? स्वतःला देऊन टाकलं. मस्तक म्हणजे हुकूम सोडणारा, असा अर्थ काढायला इथे जागाच उरत नाही.

त्यानंतरची दोन वचनं, २६ आणि २७, नीट वाचा. पाण्याने धुणं. डाग नसणं. सुरकुती नसणं. अभ्यासक सांगतात की यात बाप्तिस्म्याचा आणि लग्नाआधीच्या वधूच्या स्नानाचा संदर्भ आहे, आणि ते बरोबरच आहे. पण मला खरं सांगू? डाग आणि सुरकुती हे शब्द वाचले की माझ्या डोळ्यासमोर धोबीघाट येतो. धुऊन, वाळवून, इस्त्री करून ठेवलेलं कापड. आणि धुणारा कोण? ख्रिस्त. पौल नवऱ्यांसमोर जो आदर्श ठेवतो तो असा हातात मळका कपडा घेतलेला आहे.

सासूबाई अंथरुणाला खिळल्या त्या वर्षी मी नोकरी करत होते. रात्री दोन-दोनदा उठावं लागायचं. सकाळी मला जाग यायच्या आत चादरी धुऊन गॅलरीत वाळत टाकलेल्या असायच्या. माझा नवरा पाचला उठायचा. याबद्दल तो कधी बोलला नाही, मीही बोलले नाही, आणि सांगायला हवं की त्या वर्षी आम्ही बऱ्याच गोष्टींबद्दल बोलत नव्हतो. चिडचिड होती, पैशांची ओढाताण होती. पण आजही हा उतारा लागला की मला त्या ओल्या चादरी आठवतात. आमच्या लग्नाचा अल्बम आठवत नाही.

दोघं एकमेकांना संस्कार देतात याचा अर्थ मला तेव्हा थोडा कळला. तो देणं वेदीसमोर एकदाच होतं आणि संपतं, असं नाही. होकार एकदाच दिला जातो, पण देणारे तेच दोघं घरी जातात. देवाची कृपा त्या माणसाच्या हातून माझ्यापर्यंत यायची आणि माझ्या हातून त्याच्यापर्यंत जायची, हे त्या दिवशी ठरलं. तो चिडलेला असला तरी. मी तर त्याहून जास्त चिडलेली असते.

कानाच्या लग्नावर तुम्ही प्रत्येक लग्नात उपदेश ऐकलाय, म्हणून मी थोडक्यात आवरते. एकच गोष्ट बघा. ते सहा दगडी रांजण दारूसाठी ठेवलेले नव्हते, हातपाय धुण्याच्या, शुद्धीच्या पाण्यासाठी होते. सगळे मिळून साधारण पाचशे ते सातशे लिटर पाणी मावेल एवढे. येशूने नवीन भांडी मागवली नाहीत. घरात धुण्याधाण्यासाठी जे होतं, तेच घेतलं. आणि तो द्राक्षारस कुठून आला हे भोजनकारभाऱ्याला कळलंच नाही. पाणी भरणाऱ्या नोकरांना माहीत होतं.

पौल ३२ व्या वचनात लग्नाला 'रहस्य' म्हणतो. ग्रीकमध्ये 'मिस्तेरियोन'. लॅटिन बायबलमध्ये त्याचं 'साक्रामेंतुम' झालं, ज्यावरून आपल्या आजीआजोबांच्या तोंडचा 'साक्रामेंत' शब्द आला. साक्रामेंतुम म्हणजे रोमन सैनिक भरती होताना घ्यायचा ती शपथही. लढाई कुठे होणार, किती चालणार हे माहीत नसताना घेतलेली. मला हे दोन्ही अर्थ एकत्र ठेवायला आवडतात: न उलगडणारं रहस्य आणि तरीही दिलेला शब्द.

आता जी गोष्ट लिहायला मी बसलेय ती.

मागच्या एका शिबिरात मी हे सगळं सांगितलं. रविवारी दुपारी सगळे गेल्यावर एक मुलगी मागे थांबली. (तिला विचारूनच लिहितेय, आणि ओळख पटेल असे तपशील वगळलेत.) म्हणाली, "ताई, तुम्ही म्हणालात संस्कार आम्ही देतो. मग मी आतून नाही म्हणत असेन तर?"

मी खुर्ची ओढली.

मुलगा वाईट नव्हता. घरच्यांनी दाखवला, तिने हो म्हटलं, साखरपुडा झाला. मग हळूहळू तिला जाणवायला लागलं की ती हो म्हणाली कारण नाही म्हणायला कुणी जागाच ठेवली नव्हती. बाबांना नुकतंच हृदयाचं दुखणं झालेलं. आई म्हणाली, त्यांना आता धक्का नको. हॉलचा ॲडव्हान्स गेलेला, पत्रिका छापायला दिलेल्या. "आता मागे कसं फिरणार? आणि देवासमोर आहे म्हटल्यावर नंतर सगळं ठीक होईल ना? संस्काराची कृपा असते ना?"

तिचा शेवटचा प्रश्न ऐकून मला कसंतरीच झालं. कारण हे तिला आपणच शिकवलंय. चर्चमध्ये जा, संस्कार घे, देव बघेल.

मी तिला लग्नाच्या विधीचं पुस्तक दाखवलं. शपथेच्या आधी फादर तीन गोष्टी विचारतात. पहिलीच गोष्ट: कुणाच्याही दबावाशिवाय, मनापासून आलात का? मग आयुष्यभर एकमेकांवर प्रेम आणि आदर कराल का? मग मुलं देवाची देणगी म्हणून स्वीकाराल का? हे प्रश्न तालमीत आपण हसत हसत उरकतो. पण ते खरे प्रश्न आहेत आणि 'नाही' हे त्यांचं खरं उत्तर असू शकतं. धर्मविधिसंहिता सांगते की संमतीनेच लग्न घडतं आणि दुसरी कुठलीही मानवी सत्ता ती संमती पुरवू शकत नाही (१०५७). आई नाही, बाबांचं दुखणं नाही, फादरही नाहीत. दबावाखाली किंवा मोठ्या भीतीपोटी केलेलं लग्न ग्राह्यच नाही, असंही तिथे आहे (११०३).

"तुझा होकार नसेल तर कृपा यायची कुठून?" मी म्हणाले. "देणारी तूच आहेस."

ती खूप रडली. मग आम्ही दोघी फादरांकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, तिला एकच विचारलं, "हे त्या मुलाला कधी सांगणार?" मला ते फार आवडलं. कारण त्यालाही खरा होकार मिळण्याचा हक्क होता. त्याच्याकडेही कुणीतरी खोटं नाणं सरकवत होतं.

लग्न पुढे ढकललं. घरी जे व्हायचं ते झालं, मावश्यांचे फोन, 'लोक काय म्हणतील', सगळं. बाबांना धक्का बसला, पण ते बरे आहेत. हॉलवाल्याने ॲडव्हान्स परत दिला नाही. ती आणि तो मुलगा आता अधूनमधून बोलतात, कुणाच्याही घाईशिवाय. पुढे काय होईल ते तिला माहीत नाही, मलाही नाही.

दोन गोष्टी राहिल्या, त्या पटकन सांगते, कारण दर वेळी विचारल्या जातात.

एक. 'शब्द दिलाय, आता सोसायचं' असं म्हणून मार खात राहणाऱ्या बहिणींना, आणि काही भावांनाही: ख्रिस्तसभा तुम्हाला हे सांगत नाही. जोडीदारापासून किंवा मुलांना घरात गंभीर धोका असेल तर वेगळं राहण्याचा अधिकार धर्मविधिसंहितेतच आहे (११५३). पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या 'आमोरिस लेतित्सिया'मध्ये लिहिलंय की कधी कधी वेगळं होणं टाळता येत नाही, आणि दुबळ्या जोडीदाराला किंवा मुलांना वाचवण्यासाठी ते नैतिकदृष्ट्या गरजेचंही ठरू शकतं. ख्रिस्ताने स्वतःला दिलं, दुसऱ्याला मारलं नाही. उताऱ्याचा उलटा वापर करणाऱ्याला २५ वं वचन वाचायला द्या. आणि तुम्ही आज रात्री सुरक्षित नसाल तर आधी सुरक्षित जागी जा. वाचन नंतर.

दोन. आपल्यातले प्रोटेस्टंट मित्र लग्नाला संस्कारांमध्ये मोजत नाहीत. बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे दोनच, आणि लग्न म्हणजे देवासमोरचा पवित्र करार. पण गंमत बघा, बाप्तिस्मा झालेल्या दोघांमधलं ग्राह्य लग्न कॅथोलिक शिकवणीनुसार संस्कारच असतं, त्यांनी स्वतः तो शब्द वापरला नाही तरी! आणि ज्यांचा जोडीदार हिंदू, बौद्ध किंवा मुस्लिम आहे त्यांनी पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय ७, वचन १४ उघडावं. अशा लग्नासाठी बिशपांची परवानगी लागते आणि त्याला पूर्ण अर्थाने संस्कार म्हणत नाहीत, हे खरं. पण विश्वास न ठेवणाऱ्या जोडीदाराकडे पौल किती मायेने बघतो ते तिथे दिसतं. यावर वेगळं लिहीन.

आजसाठी एवढंच करा. लग्न झालेलं असेल तर शपथेचे शब्द शोधून काढा, मोबाइलवर असतील, सासरच्या कपाटातल्या जुन्या मिस्सापुस्तिकेत असतील. रात्री दोघांनी एकदा मोठ्याने वाचा. हसू येईल, येऊ द्या. लग्न ठरलेलं असेल तर ते तीन प्रश्न वहीत लिहा आणि एकट्याने उत्तरं द्या, कुणाला दाखवू नका. आणि एकटे असाल, तर कुणाच्या लग्नाची घोषणा या रविवारी चर्चमध्ये झाली तर वडापावासाठी दोन मिनिटं उशीर करा आणि त्या दोन नावांसाठी प्रार्थना करा.

प्रार्थना: प्रभू येशू, कानात तू पाहुणा म्हणून आलास आणि धुण्याच्या पाण्याचे रांजण वापरलेस. आमच्या घरातही तेच आहे, भांडी, चादरी, अर्धवट राहिलेली भांडणं. जे घाबरून हो म्हणणार आहेत त्यांना खरं बोलायचं धैर्य दे. ज्यांनी खरा होकार दिला आणि आता दमलेत, त्यांच्या हातांना बळ दे. आमेन.